पाठीवर बसायचं नाही

ब्रदरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. कॅज्युअल्टीतल्या तीन नंबरच्या स्ट्रेचरखालून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले, टाचांना भेगा, पांढरी पँट पोटरीपर्यंत वर सरकलेली. नोकरीचा माझा दुसरा दिवस होता. मला वाटलं पेशंट पडला. धावत जाऊन वाकले, तर खाली साठीला टेकलेला एक माणूस कुशीवर पडलेला, आणि त्याच्यापलीकडे भिंतीला चिकटून बसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या हातात फुटलेल्या आरशाचा तुकडा होता. मुठीतून रक्त ठिबकत होतं. आणि हा माणूस तिला अगदी काळजीने विचारत होता, "मग मांजराला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं कुणी?"

मी किंचाळले असणार. त्याने मान न वळवता सांगितलं, "डॉक्टर, तुमच्या सँडल वाजायल्यात. काढून या, नाहीतर जा."

मी गेले. पाऊण तासाने दोघं बाहेर आले. तुकडा त्या मुलीनेच त्यांच्या हातावर ठेवला होता. स्ट्रेचरची लोखंडी पट्टी लागून ब्रदरांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. "मांजर वॉचमनने आणलं होतं," एवढंच मला सांगून ते चहा प्यायला निघून गेले. मी हादरलेलीच उभी होते. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत कुणी मला स्ट्रेचरखाली जायला शिकवलं नव्हतं.

आमचं हॉस्पिटल मीरा रोडहून काशीमीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पन्नास खाटा, खाली कॅज्युअल्टी, शेजारी टायरवाला. हायवेवरचे अपघात यायचे, हॉटेलांतले भाजलेले आचारी यायचे, नया नगरातून, पूनम सागरमधून, आसपासच्या सगळ्या कॉम्प्लेक्समधून ताप-खोकले यायचे. आणि अधूनमधून पोरं यायची. कुणाचा फोन बापाने आपटलेला, कुणी नापास झालेलं, कुणी काहीतरी ओढून आलेलं, कुणी जन्मापासून न बोलणारं आणि आज अचानक स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणारं. अशा सगळ्यांसाठी आमच्याकडे एकच शब्द होता. वरच्या मजल्यावर फोन यायचा, "मॅडम, खाली या, व्हायलंट आलाय."

ब्रदर तो फोन करणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "घाबरलेलं आलंय म्हणा. व्हायलंट ऐकलं की डॉक्टर वरूनच सुई भरून आणतेत."

ते मूळचे परभणीकडचे. तीस-पस्तीस वर्षं नर्सिंगमध्ये काढलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही, पूनम सागरमध्ये एका खोलीत एकटे राहायचे. त्यांना नाव होतं, पण डॉक्टरांपासून चहावाल्यापर्यंत सगळे ब्रदरच म्हणायचे. अक्षर इतकं वाईट की फार्मसीवाला त्यांची चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडेच वाचायला पाठवायचा. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणजे नाही. नातेवाइकांशी बोलताना तर इतके तुसडे की महिन्याला एक तक्रार ठरलेली. एका गुजराती आईला त्यांनी "बेन, तमे बेसो" म्हणून अदबीने बसवलं, आणि तिने "आपकी वजह से मेरा बेटा..." असं सुरू करताच "तुम्ही बाहेर जा, तुमच्या आवाजाने पोरगं दचकायलंय," असं शुद्ध परभणीच्या मराठीत सुनावलं. तिला शब्द कळले नसतील, अर्थ कळला. ती गेली.

असं पोरगं आलं की ते आधी स्वतःला रिकामं करत. जेवणाचा एक जुना स्टीलचा डबा होता. त्यात घड्याळ, पेन, कात्री, मोबाइल, गळ्यातली ओळखपत्राची दोरी जायची. शेवटी चष्माही. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं धड दिसत नसे. मी एकदा विचारलं, "चेहरा दिसत नाही तर अंदाज कसा घेता?" म्हणाले, "त्याला माझा दिसला म्हणजे झालं."

ड्रेसिंगची खोली त्यांनी परस्पर ताब्यात घेतली होती. तिथली अवजारांची ट्रॉली हलवली, दोनपैकी एक ट्यूबलाइट काढून टाकली, मावशींना सांगितलं की इथे फिनेल नको, साध्या पाण्याने पुसा. भिंतीवरचं घड्याळही काढलं. अ‍ॅडमिन ऑफिसने ते परत लावलं. ब्रदरांनी परत काढलं. असं चारदा झालं. पाचव्यांदा त्यांनी ते टायरवाल्याला देऊन टाकलं, आणि चौकशी झाली तेव्हा बिनदिक्कत सांगितलं, "टिकटिक करायचं. तिकडे बघा, शेजारी आहे, वेळ बरोबर दाखवतंय."

एकदा सतरा वर्षांचा एक मुलगा आला. रस्त्याच्या कामावरचा पेव्हर ब्लॉक उचलून तो थेट आत शिरला होता. वेटिंगमधली माणसं खुर्च्या सोडून पळाली. "नीचे रख, नीचे रख," असं गार्ड ओरडत होता आणि प्रत्येक "नीचे रख"बरोबर मुलगा ब्लॉक आणखी वर उचलत होता. ब्रदर आले. त्यांनी मुलाला अगदी सहज म्हटलं, "एक मिनिट माझा डबा धरतोस का? मला चपला काढायच्यात." मुलाने गोंधळून डाव्या हाताने डबा घेतला. आता एका हातात ब्लॉक आणि दुसऱ्यात डबा. ब्रदर सावकाश खाली बसले, सावकाश एक चप्पल काढली, मग दुसरी. मग पायातले मोजे, एकेक करून. इतका वेळ लावला की त्या पोराचे दोन्ही दंड थरथरायला लागले. शेवटी त्याने स्वतःच ब्लॉक खुर्चीवर ठेवला आणि डबा परत दिला. "बस," ब्रदर म्हणाले, "तुझा हात दुखला असेल."

दर वेळी असं जमायचं असं नाही. त्यांच्या उजव्या मनगटावर दातांचे व्रण होते, एका पोरीने कानाखाली इतकी जोरात मारली होती की दोन दिवस त्यांना ऐकू कमी येत होतं. औषधांवरही त्यांचा राग नव्हता. लागली तर ते स्वतःच सांगत, "डॉक्टर, आता द्या." पण आधी गोळी विचारायची, पाण्याच्या घोटाबरोबर, हातात देऊन. ती नाकारली तर इंजेक्शन. आणि धरायची वेळ आलीच तर उताणं किंवा कुशीवर, हातपाय धरायचे, एकाने फक्त डोक्याशी बसून चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघायचं. पाठीवर बसायचं नाही. हे वाक्य ते इतक्या वेळा बोलत की मावशी त्यांची नक्कल करायच्या.

आणखी एक खोड होती, ती मला फार उशिरा कळली. कॅज्युअल्टीत कुणी "पेशंट शांत झाला" असं म्हटलं की ते हातातलं काम टाकून पळत जाऊन त्या पेशंटला बघून येत. जेवणाचा घास टाकून उठताना मी त्यांना पाहिलंय. आम्ही हसायचो.

एप्रिलमधल्या एका दुपारी कॅज्युअल्टी रिकामी होती. ब्रदरांनी मला, दोन सिस्टरना, मावशींना आणि गार्डला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. गार्ड जौनपूरकडचा, आडदांड, अतिशय भला माणूस; लहान मुलांना खिशातून चॉकलेट काढून द्यायचा. "आज मी पेशंट," ब्रदर म्हणाले आणि खरोखरच हातपाय झाडायला लागले. त्यांनी सिस्टरची ओढणी ओढली, गार्डच्या अंगठ्याला चावले. "अरे बाप रे, सच में काटा!" गार्ड ओरडला. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग ते उठले, कपडे झटकले आणि मला म्हणाले, "आता डॉक्टर. झोपा. पालथ्या."

मी हसतच सतरंजीवर पालथी झोपले. ते मावशींना म्हणाले, "बसा त्यांच्या पाठीवर." मावशी लाजल्या. "बसा म्हणतो ना. सिस्टर, तुम्ही खांदे दाबा."

मावशी बसल्या. पहिले काही क्षण मला गंमत वाटली. मग श्वास घ्यायला गेले आणि छाती उचललीच गेली नाही. मी "बास" म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. आवाजाला हवा लागते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ती हवाच नव्हती. कानात शिट्टी वाजायला लागली. मी नखांनी फरशी ओरबाडली. माझ्या डोक्याशी सिस्टर हसत होत्या, त्यांना वाटत होतं मी नाटक करतेय.

"उठा," ब्रदर म्हणाले.

अर्धा मिनिटही झालं नव्हतं. मी उठून बसले आणि रागाने रडायला लागले. "ही काय शिकवायची पद्धत झाली? मला काही झालं असतं तर?"

"म्हणून उठवलं," ते म्हणाले. "आता तुम्ही कुणाच्या पाठीवर कुणाला बसू देणार नाही."

ते चुकले.

दोन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, एक सोळा वर्षांची मुलगी आली. आणली, म्हणायला हवं. मामा आणि दोन शेजारी तिला रिक्षातून उचलून घेऊन आले. तिचेच हात तिच्याच ओढणीने बांधलेले. कुटुंब रत्नागिरीकडचं, आईचं पोळीभाजी केंद्र, मुलगी अकरावीला. आईच्या गालावर नखांचे ताजे ओरखडे होते. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मॅडम, ही अशी नाहीये हो. माझी मुलगी अशी नाहीये."

मामा म्हणत होता बाहेरचं आहे. सोबत आलेला हवालदार म्हणत होता, नशा असेल, आजकाल सगळी पोरं करतात. ब्रदर एका हृदयाच्या पेशंटला अ‍ॅम्ब्युलन्सने मुंबईला पोचवायला गेले होते.

मुलीने ओढणी सोडवून घेतली. सलाइनचा स्टँड ढकलला, तो शेजारच्या खाटेवरच्या आजोबांवर पडला. लोकांनी मोबाइल काढले. अ‍ॅडमिनचे साहेब वरून खाली आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "डॉक्टर, दोन मिनिटांत हे बंद झालं पाहिजे. व्हिडिओ निघतायत."

मी म्हटलं, "धरा तिला."

तो शब्द माझा होता. हवालदाराचा नाही, साहेबांचा नाही. चौघांनी धरलं, ती निसटली, तोंडावर खाली पडली. त्यांनी तिथेच दाबली. मी पाठ करून इंजेक्शन भरत होते. घाईत काचेची अ‍ॅम्प्युल माझ्या बोटात फुटली. मागे वळले तेव्हा गार्ड तिच्या पाठीवर होता. ते मी पाहिलं. आजही मला लोक म्हणतात, गडबडीत तुझं लक्ष गेलं नसेल. गेलं होतं. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, एकच मिनिट.

इंजेक्शन दिलं. तिचं ओरडणं आधीच थांबलं होतं. पायांची झटापट थांबली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. साहेब म्हणाले, "गुड." गार्ड घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, अब शांत हो गई."

दारातून ब्रदर आत येत होते. हातात अ‍ॅम्ब्युलन्सची फाइल होती. ते वाक्य त्यांनी ऐकलं आणि फाइल तिथेच टाकली. त्यांनी गार्डची कॉलर धरून त्या अवाढव्य माणसाला मागे खेचलं आणि त्याच्या तोंडात मारली. मांजराची गोष्ट विचारत स्ट्रेचरखाली झोपणारा माणूस. त्या थपडेचा आवाज सगळ्या कॅज्युअल्टीत गेला. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी मुलीला उताणी केली.

तिचे ओठ निळे होते. छाती हलत नव्हती.

"नाडी आहे," ब्रदर म्हणाले. "अँबू! डॉक्टर, अँबू!"

मी अँबूचा मास्क तिच्या तोंडावर धरला, श्वास देणारा फुगा दाबायला लागले. त्यांनी तिची हनुवटी उचलून धरली. बोटाला लावलेल्या यंत्रावर आधी नुसत्या रेघा होत्या. मग ऑक्सिजन चौसष्ट. मग एकाहत्तर. माझ्या बोटातलं रक्त तिच्या गालावर लागत होतं. मी मोजत होते आणि आकडे विसरत होते. कधीतरी तिने एक मोठा, घरघरता श्वास घेतला, मग दुसरा.

दारात तिची आई उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि काहीच समजलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, "झोपली का?"

मग ब्रदर तिच्याकडे गेले, त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. "ताई, ती किती दिवस झोपली नाही?" आठ दिवस. "ताप?" आधी दोन दिवस आला होता. "बोलताना मधेच अडकायची? तोंड वाकडं व्हायचं?" आईने मान डोलावली, म्हणाली, सगळ्यांना वाटलं मुलगी वेडावून दाखवतेय. ब्रदरांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "डॉक्टर, हे मनाचं दुखणं नाही. मेंदूला सूज असेल. आजच मोठ्या हॉस्पिटलला न्या." पाच मिनिटांत विचारता आले असते असे तीन प्रश्न होते ते. मी एकही विचारला नव्हता.

दुपारी मुलगी अ‍ॅम्ब्युलन्सने गेली. मी केसपेपरसमोर बसले होते. साहेब येऊन सांगून गेले होते काय लिहायचं ते: पेशंटचा ऑक्सिजन अचानक कमी झाला, तत्काळ उपचार केले. खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य. मी पेन उघडलं होतं.

ब्रदर समोर येऊन बसले. मग म्हणाले, "मी चोवीस वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात. पंधरा वर्षांचं पोरगं आणलं होतं, तापात बरळायचं, मारायचं. तिघांनी धरलं. पाठीवर मी बसलो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मग ते गप झालं. मला बरं वाटलं. मी उठलो, हात धुतले, वहीत लिहिलं, पेशंट शांत झाला. वेळ पण टाकली. अर्ध्या तासाने डॉक्टर आले तेव्हा अंग गार होतं. कुणी विचारलंच नाही. तापाने गेला म्हणाले. वहीत तसंच होतं ना."

ते उठले. "तुम्ही काय लिहायचं ते मी सांगत नाही. मला लिहिता आलं नव्हतं, एवढंच."

मी सगळं लिहिलं. माझ्या सांगण्यावरून धरलं, पालथं, पाठीवर एक माणूस, किती वेळ ते मला ठाऊक नाही, श्वास थांबला. खाली सही केली.

पुढे जे व्हायचं ते झालं. मला मेमो मिळाला, चौकशी समितीपुढे तीनदा उभी राहिले, सहा महिने कॅज्युअल्टीतून बाहेर ठेवलं. ब्रदर निवृत्तीनंतर मुदतवाढीवर होते. कर्मचाऱ्याला मारहाण केली म्हणून त्यांची मुदत पुढे वाढवली नाही. गार्डने तक्रार केलीच नव्हती. उलट तो साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहून सांगत होता, "साहब, उन्होंने सही मारा. और मारना चाहिए था." पण कारण हवं होतं, ते मिळालं. ब्रदर आपला डबा घेऊन गेले. निरोपाचा समारंभ वगैरे काही झाला नाही.

साडेतीन महिन्यांनी ती मुलगी आईबरोबर हॉस्पिटलात आली. मेंदूची सूजच होती. शरीरच स्वतःच्या मेंदूवर उलटतं असा आजार, वेळेत औषध मिळालं तर उतरतो. ती बारीक झाली होती, हळू बोलत होती, पण बोलत होती. तिला त्या दिवसातलं काहीही आठवत नव्हतं. मी तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सगळं सांगितलं, धरा म्हणणारी मीच होते हेही. आईने माझ्यावर राग काढला नाही, मला माफ केलं असंही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "ते म्हातारे ब्रदर कुठे असतात?"

हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी पूनम सागरमध्ये गेले. ब्रदर बनियनवर बसून शेंगा सोलत होते. मुलगी बरी आहे, कॉलेजला जायचं म्हणतेय, मी तिच्या आईला सगळं सांगितलंय, हे ऐकल्यावर त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग उठून त्यांनी शर्ट घातला, केस विंचरले. "चला," म्हणाले.

"कुठे?"

"समोरच्या बिल्डिंगमध्ये. दुसरा मजला. त्या पोराची आई राहते."

"कुठल्या पोराची?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कळलं: ज्याच्या पाठीवर ते बसले होते, त्याची. त्या बाई मुलीच्या लग्नानंतर जावयाकडे मीरा रोडला राहायला आल्याचं त्यांना गावच्या एका माणसाकडून समजलं होतं. म्हणून त्यांनीही बदली शोधली, नोकरी शोधली, खोली घेतली. अकरा वर्षं. अकरा वर्षं ते त्यांच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत होते. भाजीवाल्याकडे भेटत होते, आंबेडकर जयंतीला एकाच सतरंजीवर बसत होते. ब्रदरांची बायको गेली तेव्हा चार दिवस जेवण त्यांच्याकडून आलं होतं. त्या यांना भाऊ म्हणायच्या.

"रोज ठरवायचो, आज सांगू," कंपाउंड ओलांडताना ते म्हणाले. "रोज त्या हसून बोलायच्या. मग राहायचं."

"ब्रदर, आता कशाला? त्यांचं वय बघा."

"तुम्ही त्या पोरीच्या आईला सांगितलं की नाही?"

मी त्यांच्यामागून जिना चढले.

दार मुलीने उघडलं. पन्नाशीची, शाळेत शिक्षिका. आई सत्तरीच्या पुढे, बारीक, पांढरी साडी, जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. "या भाऊ, या. ही कोण, डॉक्टरीण का?" त्या म्हणाल्या. ब्रदर खाली बसले. खुर्ची होती, तरी खाली बसले. आणि त्यांनी सांगितलं. दवाखान्याचं नाव, वॉर्ड, पोराच्या अंगातला निळा शर्ट, मी पाठीवर बसलो, मी वहीत लिहिलं. कुठेही थांबले नाहीत, कुठेही रडले नाहीत. बाईंची बोटं मेथी निवडतच होती. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मग ती बोटं थांबली.

"जा," त्या म्हणाल्या.

आम्ही उठलो. अर्धा जिना उतरलो असू, तेवढ्यात मुलगी मागून आली. "आई विचारतेय," ती म्हणाली, "तिला बाहेर थांबवलं होतं तेव्हा. त्याने पाणी मागितलं होतं का?"

मी ब्रदरांचं मनगट धरलं. मला वाटत होतं, नाही म्हणा. इतक्या वर्षांनी कुणाला कळणार आहे. एक शब्द. मी असते तर तो खोटा शब्द बोलले असते, आणि अजूनही मला त्याची लाज वाटत नाही.

"मागितलं होतं," ब्रदर म्हणाले. "दोनदा. नंतर देतो म्हणालो. दिलं नाही."

मुलगी वर गेली. मग वरून जो आवाज आला तो मी कॅज्युअल्टीतसुद्धा कधी ऐकला नव्हता. शेजारची दारं उघडली. ब्रदर वळले आणि जिना चढायला लागले.

"ब्रदर, नका जाऊ!"

ते गेले. मी मागे गेले. बाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, पदर घसरलेला, हात हवेत. ब्रदर त्यांच्यासमोर दारातच खाली बसले. त्या त्यांना मारायला लागल्या. मुठींनी, तळव्यांनी, खांद्यावर, डोक्यावर, मिळेल तिथे. त्यांचा चष्मा उडून जिन्यावर पडला. मुलगी आईला आवरायला पुढे झाली, शेजारचा एक माणूसही धावला.

"धरू नका त्यांना," ब्रदर म्हणाले. हात मांडीवरून हलवले नाहीत. "कुणी धरू नका."

सगळे जिथल्या तिथे थांबले. त्या मारत राहिल्या. कितीतरी वेळाने त्यांचे हात थकले आणि त्या तिथेच उंबऱ्यावर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.